पाणी न मागणारी

मी बॅटरी बोलतेय. हो, तीच, मघाशी जिच्यावर पाय ठेवून तुम्ही चपलेचा पट्टा आवळलात. ठेवा, माझी ना नाही. आता तेवढाच उपयोग उरलाय माझा. मोरीच्या भिंतीला टेकून बसवलंय मला. डोक्यावर एक फळी टाकली आहे. तिच्यावर कधी धुण्याचे पिळे असतात, कधी घरातल्या सासूबाई पाय सोडून बसतात. भंगारवाला येईपर्यंत हे असंच चालायचं. तोवर मला बोलायचंय. ऐकायचं असेल तर बसा, नसेल तर आपल्या वाटेनं जा. आर्जवं करायची माझी रीत नाही.

माझा जन्म शिशाच्या भट्टीपाशी झाला. एकाच घाणातून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी जुळी बहीण. तेच शिसं, तेच आम्ल, तशीच काळी पेटी, डोक्यावर तशाच दोन शेंड्या, एक लाल आणि एक काळी. दोन गडी लागायचे एकीला उचलायला. दुकानात फळीवर बसलो की बाकीच्या किरकोळ बॅटऱ्या आमच्याकडे मान वर करून बघायच्या. गर्व होता मला, लपवत नाही. ज्याच्या अंगात बळ असतं त्याला तो शोभतो.

आम्हाला नेलं एका सुतारानं. त्याचं घर विजेच्या शेवटच्या खांबाच्या पलीकडे होतं. आता तुम्ही म्हणाल, बिचारा, वीज पोचली नसेल. तसं काही नव्हतं. शेवटचा खांब त्याच्या थोरल्या भावाच्या अंगणाच्या कडेला होता, आणि दोन्ही घरांमध्ये एक काटेरी कुंपण आणि एक जुनं भांडण एवढंच अंतर होतं. आणखी एक खांब भावाच्या अंगणात रोवला की काम झालं असतं. भाऊ नाही म्हणाला नव्हता. तो एवढंच म्हणाला होता, "रोवा की. पण त्यानं दारात येऊन मला म्हणायला हवं."

सुतार गेला नाही. "आपण कुणाकडे मागत नाही," असं त्याचे वडील म्हणायचे, वडिलांचे वडीलही म्हणायचे म्हणे. त्या घरात लोक सकाळी उठून तोंड धुतात तसं हे वाक्य म्हणतात. रॉकेलच्या काजळीनं भिंती काळ्या झाल्या, सुताराच्या बायकोचे डोळे सुईत दोरा ओवताना पाझरायला लागले, पण मागितलं नाही. शेवटी त्यानं ठरवलं की उजेड सूर्याकडून घ्यायचा. सूर्याला काही म्हणावं लागत नाही.

बसवायला वायरमन आला. पोटानं सुटलेला, तोंडानंही सुटलेला. छपरावर चढला, दोन पॅनेलं तिरकी करून दक्षिणेकडे तोंड करून ठोकली, तिथून वायरी खाली आणल्या. भिंतीवर एक डबी लावली. उन्हातून येणारी वीज आमच्यात किती भरायची ते ही डबी ठरवते. डबीशेजारी इन्व्हर्टर. आणि आमच्यासाठी सुतारानं स्वतः सागवानी मांडणी केली होती, दोन कप्प्यांची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या लावलेली. बहीण वरच्या कप्प्यात, मी खालच्या. दोघींना एका जाड वायरीनं जोडलं, म्हणजे दोघींचा जोर मिळून एक होतो.

"दादा, मांडणी तर लग्नातल्या रुखवतासारखी केलीत," वायरमन म्हणाला.

"मग, पोरी कुणाच्या घरी आल्यात," सुतार म्हणाला.

"आल्यात तर नीट नांदवा. जुळ्या आहेत. एका ताटात जेवतील, एका वेळी दमतील. एकीला वेगळं काम सांगू नका. दोघींपैकी एकीवरून काही लावायचं झालंच तर मला हाक मारा, मी त्याची वेगळी सोय करून देईन. आणि झाकणात ही दांडी दिसते ना, ती खाली गेली की डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं नको."

"बायकांना एका ताटात जेवायला सांगणारा हा पहिलाच," सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. हसण्यात जे वाहून जातं ते पुन्हा सापडत नाही. पाण्याचं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

दिवा लागला तेव्हा सासूबाईंनी बटण चारदा दाबून बघितलं. "रोज लागेल ना रे? की पाहुणा आलाय तोवरच?" सुतार कुंपणापाशी जाऊन उभा राहिला आणि भावाच्या घराकडे पाठ करून आपल्या खिडकीतला उजेड बघत राहिला.

आता हिच्याबद्दल. सुताराची बायको. मी तिला सूनबाई म्हणते. घरात तिला "अगं"खेरीज कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. बारीक अंगाची, कामाला वाघ. भाकरीचा शेवटचा तुकडा कुणाला हवा का असं सगळ्यांना विचारायची आणि कुणी नको म्हटलं की झाकून ठेवायची. सुतार आल्यागेल्यासमोर तिचं फार कौतुक करायचा. "हिचं काही मागणं नसतं," म्हणायचा. नव्या पटाशीची धार दाखवावी तसं.

त्याच वर्षी तिची आई गेली. माहेरी वाटण्या झाल्या. भावांनी विचारलं, "तुला काय?" ती म्हणाली, "अंडी उबवायची पेटी तेवढी द्या." तिच्या आईनं आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. काळ्या, मानेवर निळी झाक, पायांवर पिसं. तसल्या कोंबड्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. आईनंच निवडून निवडून ती जात तयार केली होती. भावांनी कोंबड्या आधीच विकून आणि खाऊन संपवलेल्या. पेटीबरोबर सूनबाईनं एका टोपलीत कोंडा घालून शेवटची अंडी आणली. आईकडून आलेलं जिवंत असं तेवढंच.

पेटी जुनी होती. आई ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायची. पेटीला आमच्यापैकी एकीएवढाच जोर हवा होता. दोघींचा मिळून दिला असता तर तिच्यातले दिवे फुटले असते.

"वायरमनला बोलवायचं का?" सूनबाईनं विचारलं. एवढंच, हळूच.

"तो?" सुतार म्हणाला. "तो कालच भावाच्या नव्या खोलीत वायरी ओढत होता. तिकडचा झाला तो. मला काय कळत नाही? एकीचा जोर हवा ना? मग एकीवर लावू."

त्यानं पेटीच्या वायरीला दोन चिमटे लावले आणि माझ्या दोन शेंड्यांना डसवले. माझ्याच का? मी खालच्या कप्प्यात होते आणि वायर तिथंवरच पुरत होती. माझं नशीब एवढ्या लांबीचं. पेटीत पिवळा उजेड पडला. सुतारानं हात झटकले. "बघ. बोलवायचाय म्हणे वायरमन."

खोटं कशाला सांगू, पहिले दिवस सुखाचे होते. आभाळ स्वच्छ, अंगात रग. सूनबाई प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायची, म्हणजे उलटवताना चुकायला नको. कामातून येता-जाता पेटीच्या काचेला कपाळ टेकवायची. पिल्लं निघाली त्या दुपारी ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसली. मोठ्यानं हसली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "काय गं, कोण आलंय?" ती म्हणाली, "आई आली." सासूबाईंना वाटलं आपल्यालाच हाक मारतेय.

तिनं जाताना माझ्या झाकणावर हात ठेवला. मी गरम होते. "दमलीस का?" म्हणाली. त्या घरात तो प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं मला त्याआधी आणि त्यानंतर आठवत नाही.

पिल्लांच्या कोंबड्या झाल्या, कोंबड्यांची अंडी आली, पेटी पुन्हा लागली. मग पेटी कायमचीच लागली. पेटी रिकामी असली की सासूबाईंचा छोटा पंखा त्याच चिमट्यांवर. सगळ्या घराचं काम आम्ही दोघी करायचो, आणि हे जादा काम मी एकटी.

आता नीट ऐका, कारण घरात कुणी ऐकलं नाही. दिवसा ऊन यायचं तेव्हा डबी आम्हाला जेवू घालायची. पण डबीला एकेक ताट दिसत नाही, तिला दोघींची बेरीज दिसते. बेरीज पुरी झाली की ती हात आखडते. मी जास्त थकलेली, मला जास्त हवं. बहीण ताजी, तिला कमी हवं. पण वाटा सारखाच. मग तिला अजीर्ण व्हायचं आणि मी अर्धपोटी राहायची. एकीला अजीर्ण आणि दुसरी उपाशी, तरी बेरीज बरोबर येते. मोठ्या घरांतून हाच हिशेब चालतो, मी काही नवीन सांगत नाही.

जास्त जेवलेली बॅटरी उकळते. तिचं पाणी आटतं. वरच्या बहिणीची दांडी सारखी खाली जायची आणि सासूबाई कॅन घेऊन यायच्या. "परत? पोट आहे का विहीर?" घालायच्या आणि मग माझ्याकडे वाकून बघायच्या. माझी दांडी जिथल्या तिथं. उपाशी बॅटरी उकळत नाही, तिचं पाणी आटत नाही.

"हिला म्हणतात जात," म्हणायच्या. "एक थेंब मागत नाही. आणि ती वरची, सदा घसा कोरडा."

सुतारही आल्यागेल्याला मांडणी दाखवताना तेच सांगायचा. "वरची जरा खर्चिक निघाली. खालची मात्र गुणाची. हिचं काही मागणं नसतं." आणि सूनबाई, चहाचे कप उचलता उचलता, एक क्षण माझ्याकडे बघायची.

"तुझं बरंय," बहीण वरून म्हणायची. "तुला कुणी बोलत नाही."

"तुझं बरंय," मी म्हणायची. "तुला कुणी बघतं तरी."

माझ्या पोटातल्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरं साचायला लागलं. बाहेरून दिसत नाही ते. आत खडूसारखं घट्ट बसतं आणि एकदा बसलं की निघत नाही. कितीही ऊन आलं तरी मग अंगी लागत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. पण मला रडायचं यंत्रच दिलेलं नाही. वरच्या बहिणीचं आटणं हेच माझं रडणं होतं. ते कुणी माझं म्हणून ऐकलं नाही. तिचंच म्हणून तिला बोल लावले.

मग कोंबड्यांत रोग आला. मान वाकडी करून एकेक पडायला लागली. सूनबाईनं आजारी वेगळ्या केल्या, खुराड्यात राख टाकली, औषध पाजलं. खुराडं रिकामं झालं. रोग शिरायच्या आधी जमवून ठेवलेली एक टोपलीभर अंडी तेवढी उरली. तिच्या आईची सगळी जात आता त्या टोपलीत होती. पुन्हा आणायला कुठं जागा नव्हती.

तिनं ती पेटीत लावली. फुली, गोल. फुली, गोल.

पहिल्यांदा बरं चाललं. अंडी दिव्यासमोर धरली की आत लाल शिरा दिसायच्या, मग काळा ठिपका हलताना दिसायचा. नंतर आभाळ बसलं. ऊन नाही म्हणजे जेवण नाही. बहिणीच्या अंगात थोडंफार होतं. माझ्यात त्या पांढऱ्या खडूखेरीज काही उरलं नव्हतं. पेटीतला पिवळा उजेड तांबडा व्हायला लागला. घरातले दिवेही मिचकायला लागले.

"वरचीच बिघडली," सुतार म्हणाला. "सारखं पाणी पिते तेव्हाच मला कळलं होतं." आणि त्यानं वरचीच्या शेंड्या घासल्या, वरचीच्या वायरी आवळल्या, वरचीला पाणी घातलं. माझ्याकडे कशाला बघेल? मी गुणाची.

सूनबाईनं पेटीवर गोधडी पांघरली. चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरून आत ठेवल्या, गार झाल्या की बदलल्या. एक अंडं उचलून कानाशी धरलं. आतून चिवचिव ऐकू आली. कवच फोडायच्या आधी पिल्लं आतूनच बोलतात, हे तिला आईनं शिकवलेलं.

कुंपणापलीकडे तिची जाऊ कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "अगं, पेटी आमच्याकडे आणून ठेव की. आमच्याकडे सोय करता येईल, गाडीची बॅटरी आहे, वीज आहे. भांडण या दोघांचं, पिल्लांनी काय केलंय?"

"विचारते," सूनबाई म्हणाली.

पण विचारलं नाही. टोपलीत कापूस घातला, त्यावर अंडी, वर गरम फडकं. एका हातात टोपली, काखेत पेटी. सुतार दारातच रंधा मारत बसला होता. त्याच्या पायाशी भुशाचा ढीग होता. तो ओलांडूनच तिला जावं लागलं असतं.

"कुठं?"

"जाऊबाईंकडे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हे बघ. आजवर तू कधी काही मागितलं नाहीस. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. मी मान वर करून चालतो ना, ती तुझ्या जिवावर. आणि आता त्या दारात टोपली घेऊन जाणार?"

"मागायला नेत नाहीये. ठेवायला नेतेय."

"तेच ते, अगं."

"आत आवाज येतोय पिल्लांचा," ती म्हणाली.

"इथंही येईल की. जरा ऊन पडू दे."

सासूबाई आतून म्हणाल्या, "या घरातली बाई त्या दारात गेलेली नाही. मीही गेले नाही, पोटचा पोर आहे माझा तो."

शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं. कौतुक करणाऱ्याशी कसं भांडायचं? ती भुशाच्या ढिगापाशी उभी राहिली. मी खालच्या कप्प्यातून बघत होते. मला तोंड असतं तर ओरडले असते, बाई, ओलांड, लाथ मार त्या भुशाला आणि जा. तिनं फडकं सारखं केलं. मग ती वळली आणि टोपली आत आणून ठेवली.

ऊन पडलं नाही. पडलं असतं तरी मला पचलं नसतं.

चिवचिव आधी दाट होती, मग विरळ झाली, मग एकच उरली. त्या एका पिल्लानं कवचाला आतून बारीक भोक पाडलं, चोचीचं टोक बाहेर काढलं. सूनबाईनं ते अंडं पोलक्यात घालून छातीशी धरलं आणि तशीच बसून राहिली. चोच तेवढीच बाहेर राहिली. पुढं आली नाही.

सगळी अंडी तिनं परसात पुरली. पेटी पुसली. वायरीचं भेंडोळं करून चिमटे एकमेकांत अडकवले. रडली नाही. संध्याकाळी सुतार म्हणाला, "बघा, एका शब्दानं बोलली नाही. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं."

आभाळ उघडलं तेव्हा त्यानं एक दिवा आधी वरचीवर लावून बघितला, तो लख्ख पेटला. मग माझ्यावर लावला. निखाऱ्यासारखा तांबडा झाला आणि विझला. त्याला पटेना. "पाणी तर काठोकाठ आहे हिच्यात," म्हणाला. झाकण उघडून, वाकून, पुन्हा पुन्हा बघितलं. जे भरलेलं होतं तेच बघितलं.

"दृष्ट लागली असेल," सासूबाई म्हणाल्या. "फार कौतुक करायचास तिचं."

नवी बॅटरी आली. माझ्या जागी, खालच्या कप्प्यात. थकलेल्या बहिणीच्या जोडीला कोवळी पोर. आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंच्या पंख्याचे चिमटे त्या नवीच्या शेंड्यांना. मी इथून, मोरीपाशी बसून, खिडकीतून सगळं बघते. काल सासूबाईंनी तिचं झाकण उघडलं. "पाणी जसंच्या तसं," म्हणाल्या. "हीही गुणाची दिसतेय हो." तिला हाक मारून सांगावं तरी काय? दोन शेंड्यांखेरीज तिलाही तोंड नाही.

तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला पाय आहेत आणि जीभ आहे. घरी जाल तेव्हा जी सारखी मागते तिच्यावर डाफरण्याआधी जी मागत नाही तिच्याकडे जा. तिच्यात पाणी किती आहे ते बघू नका. ते असणारच. पण तुम्ही जाणार नाही, मला ठाऊक आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

तो बघा, आला. हातगाडी कुंपणाशी लागली. भंगारवाला मला एका बाजूनं उचलून अंदाज घेतोय. सूनबाई दारात आली आहे, पदराला हात पुसत.

"वहिनी, बदल्यात काय देऊ? बादली आहे, टब आहे, स्टीलचा डबा आहे. बोला, काय हवं?"

ती गाडीकडे बघते. मग आत जाते आणि अंडी उबवायची पेटी घेऊन येते, वायरीचं भेंडोळं वर ठेवलेलं. ती गाडीवर ठेवते.

"हीही घेऊन जा."

"मग तर दोन वस्तू घ्या की. सांगा."

"काही नको."

"तिचं काही मागणं नसतं," सुतार हसत म्हणतो आणि मला उचलायला हात लावतो. मी कलते. पोटात पाणी डचमळतं.

"अहो, ही तर भरलेली आहे," भंगारवाला म्हणतो.

"मग? एवढ्या दिवसांत एकदा पाणी मागितलं नाही तिनं," सुतार म्हणतो. "फार गुणाची होती."

सूनबाई दारातून आत वळली आहे. गाडी हलली.